मार्गदर्शक म्हणजे तपासनीस नव्हे

प्राथमिक दवाखान्यांची गुणवत्ता वाढवण्यासाठी बाहेरून मार्गदर्शक नेमणे हा निव्वळ अपव्यय आहे, असा सूर लावणारा लेख आपल्या अंकात वाचला. तो पटला नाही. मार्गदर्शक डॉक्टर व परिचारिकांसोबत बसून नोंदी चाळतो, कोणत्या मधुमेही रुग्णांच्या पायांची तपासणी वर्षभर राहून गेली आहे हे दाखवतो आणि ती कोणी, कधी करायची याची घडी बसवून देतो. रांगेत अडकलेल्या डॉक्टरांना हे सुचत नाही असे नाही. सवड मिळत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात अशी मदत मिळालेल्या दवाखान्यांत शास्त्रीय मार्गदर्शक तत्त्वे अमलात येण्याची शक्यता २.७६ पट आढळली. मात्र एकाच मार्गदर्शकावर अनेक दवाखाने सोपवले की परिणाम घटतो, हेही त्यातच दिसले. आक्षेप घ्यायचाच, तर तो अशा काटकसरीवर घ्यावा.

– एक वाचक