कर्णनादाचे दावे नाकारताना कारणे द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे यजमान तोफखान्यात २४ वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले. घरी आल्यानंतरच्या पहिल्याच पौषात एका रात्री त्यांनी मला उठवून विचारले, ‘गो, ह्ये रातकिडे खंय वरडतत?’ बाहेर चिडीचूप होते. हा आवाज नोकरीत असतानाच सुरू झाला होता, पण मेडिकल कॅटेगरी खाली येईल आणि बढती अडेल या धास्तीने ते कित्येक वर्षे गप्प राहिले आणि शेवटी रिलीज मेडिकल बोर्डापुढेच, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळापुढेच, काय ते बोलले, हे मला त्या रात्री कळले. पावसाळ्यात कौलांवर पाऊस कोसळत असला की तो आवाज त्यात बुडून जातो आणि त्यांना झोप लागते. उघडीप पडली की मध्यरात्री ते ओट्यावर येऊन बसतात.

डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. आपल्याकडे कर्णनाद हा जुना शब्द आहे. १४० डेसिबलच्या वरचा क्षणिक आवाजही कानाला धोक्याचा मानला जातो आणि तोफेचा दणका त्याच्या कितीतरी पुढे जातो. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अडचण अशी की हा आवाज रुग्णाशिवाय कोणालाच ऐकू येत नाही आणि तो मोजणारे यंत्र नाही. ऑडिओग्राम फक्त ऐकण्याची क्षमता दाखवतो, आणि तो बराचसा ठीक असलेल्या माणसालाही कर्णनादाचा त्रास असू शकतो.

बोर्डाने यजमानांचा त्रास लिहून घेतला, पण अपंगत्वाची टक्केवारी वीसच्या आत ठेवली आणि शांततेच्या ठाण्यावर, म्हणजे सीमेपासून दूरच्या तळावर, असताना तो सुरू झाल्यामुळे सेवेशी त्याचा संबंध नाही, असा शेरा मारला. त्यामुळे डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन, नाकारली गेली. पहिल्या अपिलाच्या उत्तरात तेच वाक्य पुन्हा आले. तोफा काय फक्त सीमेवरच उडतात? तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या देवळालीतही सराव खऱ्या दारूगोळ्यानेच होतो, आणि गनर सीमेवर असो की फायरिंग रेंजवर, त्याच्या कानावर पडणारा दणका तोच असतो.

वाचकांना वीस टक्क्यांचे महत्त्व कदाचित ठाऊक नसेल. आजार सेवेमुळे झालेला किंवा सेवेमुळे बळावलेला असावा आणि अपंगत्व किमान २० टक्के असावे, या दोन अटींवर ही डिसॅबिलिटी पेन्शन मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४ च्या राम अवतार प्रकरणातील निकालानंतर मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्या सैनिकालाही २० ते ४९ टक्क्यांसाठी ५० टक्के धरून रक्कम मिळू शकते. म्हणजे १९ लिहिले तर हातात काहीच पडत नाही आणि २० लिहिले तर ते ५० होतात. ज्या त्रासाला मोजमापच नाही त्याबाबत एका टक्क्याचा हा फरक बोर्डाने कशाच्या आधारावर केला, हे कागदावर यायलाच हवे. भरतीच्या वेळी निरोगी म्हणून नोंद असलेल्या जवानाचा आजार सेवेशी निगडित नसेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आणि संशयाचा फायदा जवानाचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितले आहे. तरीही एका ओळीची नकारपत्रे येत राहतात, हे मनाला लागते.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या मंजूर दाव्यांमध्ये टिनिटसचा क्रमांक सर्वात वरचा आहे. तिथे त्याला १० टक्के दर ठरलेला आहे, एका कानाला असो वा दोन्ही, आणि भरपाई त्या १० टक्क्यांपासूनच सुरू होते. कानात आवाज येतो हे सांगण्यास तो सैनिक स्वतःच सक्षम साक्षीदार आहे, हे तिथल्या न्यायालयाने २००२ सालीच मान्य केले. दावा फेटाळला गेल्यास नवा पुरावा जोडणे, वरिष्ठांकडून फेरतपासणी मागणे किंवा अपील मंडळाकडे जाणे, असे तीन मार्ग २०१९ पासून खुले आहेत. तिथेही वाद आहेतच. टिनिटसचा स्वतंत्र दर काढून टाकण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये पुढे आला होता. पण माणसाचे म्हणणे पुरावा म्हणून धरायचे, एवढी एक गोष्ट आपण घेण्यासारखी आहे.

माझी मागणी अशी की, कर्णनादाचा दावा फेटाळताना बोर्डाने त्या जवानाने कोणत्या शस्त्रावर किती वर्षे काम केले याचा उल्लेख करून कारण लिहावे, आणि भरतीपासूनचे सर्व ऑडिओग्राम निवृत्तीच्या दिवशी त्याच्या हाती द्यावेत. दुसरे अपीलही फेटाळले गेले तर आम्हांला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या, म्हणजे सैनिकांचे असे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठापुढे जावे लागेल. सिंधुदुर्गातून एका तारखेसाठी रात्रीचा प्रवास, मुंबईत मुक्काम आणि वकिलाची फी हे पेन्शनवर जगणाऱ्या घराला झेपत नाही. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसते आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत; ट्रिब्युनलनेही वर्षातून काही दिवस तिथे बसावे.

ज्या घरांत असे नकारपत्र आले असेल त्यांनी ते कपाटात ठेवून देऊ नये. अपिलाची मुदत सहा महिन्यांची असते, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहिण्यासाठी मदत मागता येते. आमचे दुसरे अपील या आठवड्यात स्पीड पोस्टाने जात आहे.

आपली विश्वासू,
एका माजी सैनिकाची पत्नी
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग