सुरक्षा समितीत सहीपुरते सदस्य नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या लोटे-परशुराम, महाड, धाटाव यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीत मोठा अपघात झाला की आठवडाभर चौकशी, भरपाई आणि 'दोषींवर कारवाई' यांच्या बातम्या येतात. मार्च २०२१ मध्ये लोट्यात आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडला कामगार गेले तेव्हाही तेच झाले. एक प्रश्न मात्र माझ्या वाचनात आला नाही. त्या कारखान्यातल्या सुरक्षा समितीच्या कामगार सदस्यांना प्रशिक्षण कोणी दिले होते, आणि कुठल्या भाषेत?

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात सुरक्षा समिती हवी आणि तिच्यात व्यवस्थापनाचे जितके, तितकेच कामगारांचे प्रतिनिधी हवेत, असे कलम ४१-जी मध्ये आले. त्याच दुरुस्तीतल्या कलम १११-ए ने कामगाराला प्रशिक्षणाचा हक्क दिला. शक्य असेल तर कारखान्यातच, नाहीतर मालकाने पाठवून मान्यताप्राप्त संस्थेत. पहिले कलम सगळ्यांना पाठ होते, कारण इन्स्पेक्शनला समितीचे रजिस्टर दाखवावे लागे. दुसरे कलम माहीत असलेला कामगार मला नोकरीत क्वचितच भेटला.

मी या पट्ट्यात मेंटेनन्स फिटर म्हणून निवृत्त झालो. काही वर्षे समितीतही होतो. सदस्य कसा निवडला जायचा? साहेबांपुढे फार न बोलणारा, ड्युटीवर हमखास सापडणारा आणि सही मराठीत का होईना पण करणारा. तीन महिन्यांनी बैठक. चहा, बिस्किटे, 'हेल्मेट वापरा'चा ठराव आणि आधीच टाईप करून ठेवलेले इतिवृत्त. एकदा एका नव्या सदस्याने वाचायला मागितले तर उत्तर मिळाले, "अहो, वाचून काय करणार? मागच्या वेळचंच आहे." ते खरेही होते. तारीख तेवढी बदललेली.

यात सगळा दोष व्यवस्थापनाचा, असे मी म्हणणार नाही. समितीत बसलेल्याला काय विचारायचे तेच माहीत नसेल तर तो काय बोलणार? पंख्याचा आवाज, कँटीनची डाळ, बाथरूमची कडी. हे प्रश्न खरेच असतात, पण माणसे मरतात ती दुसऱ्याच गोष्टींनी.

ईटीपीची, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, टाकी घ्या. सांडपाण्याच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायूचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. ज्याला हे कोणी सांगितलेले नाही, तो म्हणतो 'गेला वाटतं गॅस', आणि शिडीवर पाय टाकतो. तो खाली कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, त्याच्यामागून तिसरा. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. म्हणून टाकीच्या तोंडाशी वायू मोजायचा मीटर धरून भागत नाही, वर, मध्ये आणि तळाशी तपासावे लागते. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर साध्या मास्कने कोणी आत जायचे नाही. एवढे शिकलेला सदस्य परमिटचा, म्हणजे टाकीत उतरायच्या परवानगीचा, कागद हातात घेऊन विचारू शकतो, "तळाचं रीडिंग कुठाय?" या एका प्रश्नासाठी मी हेल्मेटचे दहा ठराव सोडून देईन.

आपल्या किनाऱ्याची म्हणून एक वेगळी गोष्ट आहे, ती छापील पुस्तिकेत सापडणार नाही. बहुतेक कारखान्यांत असेंब्ली पॉइंट, म्हणजे धोक्याच्या वेळी सगळ्यांनी जमायची जागा, गेटजवळ असतो, कारण गेटजवळ जागा असते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः नैर्ऋत्येचा, पश्चिमेचा. गेट प्लँटच्या पूर्वेला असेल तर गळती झाल्यावर सगळी माणसे वायू जिकडे चालला तिकडेच जाऊन उभी राहणार! वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक जूनच्या पहिल्या वादळात फाटतो आणि दिवाळीपर्यंत नुसती कडी लटकत राहते. मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आणि बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. तो हवेपेक्षा हलका, असे पुस्तकात वाचून माणूस निश्चिंत होतो. पण द्रवरूप अमोनिया फुटून बाहेर आला की आपल्या दमट हवेत त्याचे थंड पांढरे धुके होते आणि ते जमिनीलगत सरपटते. वरून खारी हवा. पाइपवरच्या इन्सुलेशनच्या आत गंज चढत असतो आणि बाहेरून पत्रा चकचकीत.

म्हणून प्रशिक्षण सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून उरकायचे नाही. सदस्याला स्वतःच्या प्लँटमधून फिरवले पाहिजे. रसायनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याच्या धोक्यांचे माहितीपत्रक, सोळा भागांची असते, सगळी पाठ करायची गरज नाही. चौथ्या भागात प्रथमोपचार, सहाव्यात गळती, आठव्यात हातमोजे-मास्क, हे शोधता आले तरी पुष्कळ. पण ती मराठीत हवी, आणि जिथे बिहार-ओडिशाची मुले काम करतात तिथे त्यांनाही वाचता येईल अशी. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात २० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी अशी समिती लागते. तिच्यातला निदान एक कामगार आणि एक व्यवस्थापनाचा सदस्य प्रमाणित असावा लागतो. प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा त्यांच्या स्वतःच्या कामाच्या ठिकाणच्या धोक्यांवर असतो आणि दर तीन वर्षांनी उजळणी. आपल्याला तिकडचे सगळे उचलायला नको, पण हा दुसरा टप्पा उचलण्यासारखा आहे.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल तर लिहावे तेवढे थोडे. टाकीत उतरतात ते, समितीत बसतात कायम कामगार. काजू आणि मासळीच्या कारखान्यांत बहुसंख्य बायका, पण समिती असलीच तर तिच्यात किती बायका असतात ते पाहावे. काजूच्या टरफलातल्या तेलाने हात भाजतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार कामगाराला धोक्याची तक्रार मालकाकडे थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत मांडता येते. म्हणजे सदस्य आता रजिस्टरातले नाव राहिला नाही, कामगाराचा आवाज त्याच्या तोंडून जाणार आहे. सदस्याची पहिली बैठक होण्याआधी त्याचे प्रशिक्षण, तेही कामाच्या वेळेत आणि पूर्ण पगारी, एवढे शासनाने स्पष्ट शब्दांत बंधनकारक करावे. असे प्रशिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय नवी मुंबईत, केंद्रीय श्रम संस्था मुंबईत शीवला. खेड-चिपळूणच्या छोट्या कारखानदाराला माणूस तिकडे पाठवणे परवडत नाही, हे मान्य. मग प्रशिक्षकांनी लोट्याला यावे. चार कारखान्यांनी मिळून खर्च उचलला तर कोणाच्याच अंगावर येणार नाही. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाच्या पताका आणि घोषवाक्य स्पर्धेवर होतो तेवढ्यातही बरेच भागेल.

आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला एक विनंती. निरीक्षक येतील तेव्हा रजिस्टर नंतर पाहावे. आधी समितीतल्या एका कामगाराला, शेजारी साहेब उभे नसताना, विचारावे: आज गळती झाली तर तू माणसे कुठे नेशील, आणि का?

आपला,
एक निवृत्त फिटर
ता. खेड, जि. रत्नागिरी