बाबा, ते पडद्याचे रॉड नाहीत

प्रिय आई-बाबा,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे भिंतीला टेकवलेल्या त्या नळ्या दिसल्या आणि आईने विचारलं की हे काय भंगार जमवलंयस, बाबा म्हणाले पडद्याचे रॉड असतील, आणि मी "गोल्फचं आहे, नंतर सांगतो" म्हणून विषय बदलला. तर आता सांगतो. समोर टेबलावर एक सात नंबरचा आयर्न, म्हणजे गोल्फची लोखंडी डोक्याची काठी (काठीला क्लब म्हणतात, डोक्याला हेड), टेकवून ठेवलाय, आत्ताच त्याचं हेड इपॉक्सीचा डिंक लावून बसवलंय आणि आता २४ तास त्याला हात लावायचा नाही, आणि मी नुसता बघत बसलो तर हात लावणारच हे मला पक्कं माहितीय, म्हणून म्हटलं पत्र लिहूया.

आधी एक कबुली देऊन टाकतो. मी गोल्फ अजिबात चांगला खेळत नाही. ऑफिसमधल्या एकाने ओढून नेलं, मग एक जुना वापरलेला सेट घेतला, आणि त्याच्या ग्रिप, म्हणजे मुठीची रबरं, इतक्या झिजलेल्या की हातातून सटकायच्या, पाटीसारख्या गुळगुळीत. सगळे म्हणाले दुकानात दे, बदलून देतील. पण आपल्या घरात मिक्सर कधी दुकानात गेलाय का? मी म्हटलं बघू तर खरं काय असतं आत.

आत काही नसतं हो बाबा. पोकळ नळी, तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, आणि वर रबर. जुनी ग्रिप वाकड्या पात्याच्या चाकूने उभी चिरायची, केळ्याच्या सालीसारखी निघते. खालची टेप वाळून पापुद्रे झालेली असते, ती काढायलाच खरा वेळ जातो. मग नवीन टेप गुंडाळायची, नवीन ग्रिपच्या टोकाचं भोक बोटाने दाबून धरायचं, आत थिनरसारखं सॉल्व्हंट ओतून खळखळून हलवायचं, तेच टेपवर ओतायचं आणि मग एका दमात, थांबायचं नाही, विचार करायचा नाही, सरळ ढकलायचं. मी पहिल्याच वेळी तीन चतुर्थांश गेल्यावर थांबलो, कारण वाटलं की वाकडी जातेय. बस्स. तिथेच बसली ती. ना पुढे ना मागे. नवी कोरी ग्रिप चिरून काढावी लागली. दुसरी गेली पूर्ण, पण सॉल्व्हंट ओलं असेपर्यंत जी एक-दोन मिनिटं मिळतात ती फिरवून सरळ करायची असतात हे विसरलो, आणि त्यावरचा लोगो जरासा तिरका राहिला. खेळताना बॉलकडे बघायचं सोडून मी सहा महिने त्या लोगोकडे बघतोय.

ग्रिपची जाडीपण मापाची असते बरं का. आतलं माप साधारण ०.५८० किंवा ०.६०० इंच, आणि शाफ्ट, म्हणजे ती पोकळ नळी, तेवढाच जाड असेल तर ठीक, नाहीतर ग्रिप ताणून बारीक होते किंवा जाड बसते. हात मोठा असेल तर खाली टेपचे जास्त थर द्यायचे. ग्रिप धरल्यावर वरच्या हाताची मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली तर माप बरोबर. माझे हात बाबांवर गेलेत, मला दोन थर जास्त लागतात.

इथपर्यंत थांबलो असतो तर त्या नळ्या दिसल्या नसत्या. पण एका आयर्नचं हेड मारताना कटकट वाजायला लागलं. हेडला जी मान असते ना, जिच्यात शाफ्ट जातो, तिला होजल म्हणतात, आणि शाफ्ट तिथे फक्त डिंकाने धरलेला असतो, म्हणजे इपॉक्सीने. ना स्क्रू ना वेल्डिंग. मला हे कळलं तेव्हा धक्काच बसला, एवढ्या जोरात फिरवतात आणि नुसता डिंक? पण हीच सोय पण आहे, कारण इपॉक्सी तापलं की मऊ पडतं, होजलला हीट गनने शेकलं, हातमोजे घालून पिळलं की हेड निघून हातात. (आई, खिडकी उघडी ठेवतो, वास येतो म्हणून. आणि हो, मोजे जाड आहेत.)

स्टीलचा शाफ्ट असेल तर पिळायचा. ग्रॅफाइटचा असेल तर पिळायचा नाही, कारण तो धाग्यांचा असतो, सरळ रेषेत ओढूनच काढायचा आणि त्यासाठी स्क्रूने ढकलणारं एक वेगळं यंत्र असतं. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असून मी ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, ग्रॅफाइट शाफ्ट पिळला, कारण "थोडासाच तर अडकलाय". कर्रर्र असा आवाज आला आणि टोक केरसुणीसारखं फुटलं. तो शाफ्ट अजून कोपऱ्यात ठेवलाय, तुम्हाला कॉलवर डावीकडून तिसरा दिसला तो.

परत बसवायचं काम मात्र मला मनापासून आवडतं. होजल आतून ब्रशने घासून जुना डिंक काढायचा. शाफ्टच्या टोकाचं चकचकीत क्रोम पॉलिश पेपरने घासून पार मळकट करायचं, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर इपॉक्सी धरत नाही. मग ॲसिटोनने पुसायचं आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागतं. इपॉक्सीचे दोन भाग सारखे घेऊन एकजीव करायचे, त्यात बारीक काचेचे मणी घालतात, रव्याहून बारीक, म्हणजे शाफ्ट होजलच्या बरोबर मध्यात राहतो. मग हळूहळू फिरवत आत घालायचा म्हणजे हवा निघून जाते. उरलेलं इपॉक्सी मी पुठ्ठ्यावर तसंच ठेवतो, का ते शेवटी सांगतो.

शाफ्ट वाइसमध्ये कसा धरतो विचाराल. जबड्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून. हे कुठल्या व्हिडिओत नाही शिकलो, तुम्ही पाइप धरताना असंच करायचात ते डोक्यात होतं.

आता झालेली एक गंमत, आई तू हे वाचून घाबरू नकोस. पहिल्या वेळी मी क्रोम घासलं नव्हतं नीट आणि सहा-सात तासांतच घाई करून प्रॅक्टिसला गेलो. तिसऱ्या शॉटला बॉल गेला पन्नास पावलं आणि हेड गेलं साठ. समोर कोणी नव्हतं. हातात नुसती काठी राहिली आणि मी ती इतक्या रुबाबात खाली ठेवली की जणू असंच करायचं होतं. तेव्हापासून २४ तास म्हणजे २४ तास.

मग वजनाचं वेड लागलं, आणि हा भाग खास बाबांसाठी आहे. क्लबचं नुसतं वजन महत्त्वाचं नसतं, हातात धरल्यावर डोकं किती जड लागतं ते महत्त्वाचं, त्याला स्विंगवेट म्हणतात. १९२० च्या दशकात रॉबर्ट ॲडम्स नावाच्या माणसाने त्यासाठी एक तराजू काढला, ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू देऊन. आकडे असे सांगतात, सी नऊ, डी शून्य, डी एक, आणि पुरुषांचे आयर्न बहुतेक डी शून्य ते डी दोनच्या आसपास असतात. माझ्याकडे तो तराजू नाही. मग मी काय करतो, क्लब एका पट्टीच्या धारेवर तोलून त्याचा बॅलन्स पॉइंट ग्रिपच्या टोकापासून किती इंचांवर येतो ते मोजतो, त्यातून १४ वजा, आणि राहील त्याला क्लबच्या एकूण वजनाने गुणायचं, वजन औंसात. २१३.५ आलं की डी शून्य, आणि दर पावणेदोनला एक पॉइंट वर. वजनासाठी किचनमधला डिजिटल काटा वापरतो, धुऊन परत ठेवतो.

आणि गंमत बघा, हेडला २ ग्रॅम वाढवले की साधारण एक पॉइंट चढतो. ग्रिप चार-पाच ग्रॅम जड घेतली की एक पॉइंट उतरतो. काठी अर्धा इंच लांब केली की तीन पॉइंट. २ ग्रॅम म्हणजे काय, काहीच नाही! पण मी एकदा हेडच्या मागे शिशाची टेप लावून चार पॉइंट वाढवले, डोळे मिटून दोन्ही क्लब हातात धरले, आणि फरक चक्क कळला. तीनदा बघितलं, तिन्ही वेळा बरोबर ओळखला. त्या दिवशी गोल्फ खेळून जेवढा आनंद झाला नसता तेवढा झाला.

शाफ्ट कापण्यातपण असंच आहे. ग्रिपच्या बाजूने कापला तर मुख्य म्हणजे लांबी कमी होते, पण हेडच्या बाजूच्या टोकाने कापला तर काठी ताठ होते, कमी वाकते. सगळे शाफ्ट टोकाने कापता येत नाहीत मात्र, ज्यांचं टोक एकसारखं ०.३७० इंचाचं असतं तेच, ०.३५५ वाले निमुळते असतात, ते टोकाने कापले तर होजलमध्ये बसायचेच नाहीत. कापायच्या आधी मी आता तीनदा मोजतो. का ते नका विचारू.

आता माझा मूर्खपणा नंबर दोन. माझा बॉल कायम उजवीकडे जातो. क्लब जमिनीशी किती अंशात उभा राहतो त्याला लाय म्हणतात, सात नंबरला साधारण ६२ अंश, आणि लाय जास्त आडवा असेल तर बॉल उजवीकडे जातो हे खरंच आहे. मला इतका आनंद झाला की दोष माझा नाही, क्लबचा आहे! ओळखीच्या एकाकडे वाकवायचं मशीन आहे, तिथे जाऊन दोन अंश उभा करून आणला. हेड घडवलेल्या मऊ स्टीलचं होतं म्हणून वाकलं, ओतीव कडक स्टीलचं असतं तर एक-दोन अंशांच्या पुढे तुटायची भीती. झालं काय, बॉल आता निघताना डावीकडे निघायचा आणि शेवटी वळून उजवीकडेच जायचा.

मग ती टेस्ट केली जी सगळ्यात आधी करायची असते. बॉलवर मार्करने एक उभी जाड रेघ काढायची, रेघ क्लबच्या तोंडाकडे करून बॉल ठेवायचा आणि मारायचा. रेघेचा ठसा तोंडावर उमटतो. तो तोंडावरच्या आडव्या खाचांना काटकोनात आला तर लाय बरोबर. माझ्या ठशाचं वरचं टोक टोच्या बाजूला, म्हणजे हेडच्या मोकळ्या टोकाकडे कललेलं, म्हणजे क्लब जास्तच उभा झालाय. परत गेलो, दोन अंश परत आडवा केला, परत ठसा घेतला. सरळ. म्हणजे पहिल्यापासून सरळच होता. दोष मनगटाचा. ते मशीनवाले काही बोलले नाहीत पण हसले.

तसं या खेळात घरी ठोकठाक करणारे बरेच मोठे झालेत, म्हणजे मी एकटाच वेडा नाही. जीन साराझेन या जुन्या खेळाडूने वेजच्या, म्हणजे वाळूतून बॉल काढायच्या क्लबच्या, तळाला डाग देऊन धातू चढवला, म्हणजे वाळूत तो रुतायच्या ऐवजी घसरत जाईल, कल्पना विमानाच्या शेपटीवरून सुचली असं सांगायचा, आणि तो क्लब घेऊन १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकला. कार्स्टन सोलहाइम जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होता, स्वतःचं पटिंग, म्हणजे जवळून बॉल भोकात ढकलणं, वाईट म्हणून १९५९ मध्ये गॅरेजमध्ये त्यासाठीचा क्लब, पटर, स्वतःच बनवला, बॉलला लागला की पिंग असा आवाज यायचा म्हणून कंपनीचं नावच पिंग. बाबा, तुम्हाला हा माणूस आवडला असता. वाईट खेळतो तर सराव कर असं लोक सांगतात, याने हत्यारच बदललं.

माझं तेवढं काही होणार नाही. बॅगमध्ये नियमाने १४ क्लब चालतात आणि माझ्या बॅगेत सध्या नऊ आहेत, बाकीचे कुठल्या ना कुठल्या अवस्थेत टेबलावर. एका डब्यात उरलेल्या फेरुल ठेवल्यात, फेरुल म्हणजे शाफ्ट आणि हेडच्या सांध्यावरची ती काळी प्लॅस्टिकची रिंग, आणि त्या डब्यात स्क्रू, वॉशर, अर्धा वापरलेला पॉलिश पेपर असं सगळं जमत चाललंय. परवा झाकण लागेना. तुमच्या त्या पत्र्याच्या डब्याची आठवण झाली, ज्याला आई हात लावू शकत नव्हती.

(पुढचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहितोय.)

पुठ्ठ्यावरचा तो इपॉक्सीचा गोळा आत्ता नखाने दाबून बघितला. नख उमटलं नाही. तो कडक झाला म्हणजे आतलापण झाला, याच्यासाठी ठेवतो तो. मग वाइसमध्ये धरून हेड हाताने जोर लावून पिळून बघितलं, हललं नाही. फेरुल बारीक पॉलिश पेपरने घासून होजलच्या पातळीला आणली, घासल्यावर ती पांढुरकी दिसते, पण ॲसिटोनमध्ये भिजवलेला कपडा एकदाच गोल फिरवला की अशी काळी चमकते की बस. एकदाच मात्र, दुसऱ्यांदा फिरवला की ओघळ येतात. आज एकदाच फिरवला.

आता फक्त ग्रिप राहिलीय. लोगो सरळ बसला तर फोटो पाठवतो, वाकडा बसला तर नाही पाठवणार.

तुमचा,
बंटी