बाई, त्या 'वस्ती'बद्दल

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण समोर बसून आभार मानू लागले की तुम्ही चहा ठेवायला उठता आणि बोलणं तिथेच राहतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

सहा वर्षांपूर्वीचा तो डिसेंबर तुम्हाला आठवत असेल. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत माझं दुसरं वर्ष होतं. नाताळच्या आदल्या रविवारी नेवासे तालुक्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीत मला उपदेशासाठी पाठवलं होतं. मी खूप तयारी केली होती. देव माणूस झाला हा देहधारणाचा सिद्धांत, ४५१ सालची खल्सेदोनची धर्मपरिषद, ख्रिस्ताचे देव आणि माणूस असे दोन स्वभाव, सगळं क्रमाने सांगितलं. उपासना संपल्यावर एक आजी जवळ आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पोरी, लई शिकलीस. पन देव आमच्याकडं मुक्कामाला आला व्हता का न्हाई, तेवढं सांग."

मला उत्तर देता आलं नाही. सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. परीक्षेत त्या प्रश्नावर मी दहा पानं लिहिली असती, पण त्या आजींसाठी माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. परतताना एसटीत रडले आणि स्टँडवरून थेट तुमच्या दारात आले. आठवीत तुम्ही मला मराठी शिकवलं होतं आणि शब्बाथशाळेत वचनं पाठ करून घेतली होती. दुसरं कोण सुचणार?

तुम्ही धीर वगैरे दिला नाहीत. बायबल पुढे केलंत आणि म्हणालात, "योहान एक, चौदा. मोठ्याने वाच." मी वाचलं: शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. "वस्ती म्हणजे काय?" मी म्हटलं, राहणं. तुम्ही मान हलवलीत. ग्रीक शिकलीस ना, मग मूळ क्रियापद बघ, म्हणालात. मूळ अर्थ तंबू ठोकणं, राहुटी टाकणं. मग तुम्ही सुगीनंतर रानात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगरांचं बिऱ्हाड आठवायला लावलंत. घोड्यावरचं सामान, तीन दगडांची चूल, उघड्यावर निजलेली लेकरं. आणि आमच्या नगरकडे शेतातल्या चार घरांनाही वस्तीच म्हणतात, आणि गावाबाहेर ज्यांना ठेवलं त्यांच्या घरांनाही वस्तीच म्हणतात. "आता त्या आजीचा प्रश्न परत वाच," म्हणालात. आजींनी खल्सेदोनचाच प्रश्न विचारला होता, आणि योहानाच्या शब्दात विचारला होता. ते मला त्या रात्री कळलं.

त्यानंतर दोन वर्षं सुट्टीतला प्रत्येक शनिवार तुम्ही मला दिलात. एक पैसा घेतला नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात मी वाचायचे आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, पण शनिवार चुकवला नाहीत.

फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मी तोवर फक्त 'भाषा मराठी'च्या ओव्यांपुरतं ओळखत होते, जसं सगळे ओळखतात. तुम्ही पहिल्या ओवीपासून सुरुवात केलीत. 'वो नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था.' दुसऱ्या चरणाशी थांबवलंत. १५७९ साली गोव्यात उतरलेला हा एक इंग्रज जेज्वीट पाद्री, आणि १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यातून निघालेल्या ग्रंथात तो देवाला 'बापा' म्हणतो, जसं ज्ञानोबा विठ्ठलाला बाप रखुमादेवीवरु म्हणतात. मी हरखून गेले. तेव्हा तुम्ही मला सावध केलंत. त्या ग्रंथाच्या सुरुवातीला गोव्यातल्या साष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? "ज्यांनी काढून घेतलं त्यांनीच दिलं. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेव," म्हणालात. त्या साष्टीत देवळं पाडली गेली होती हे विसरून त्या ओव्यांचं कौतुक करायचं नाही, आणि देवळं पाडली गेली म्हणून त्या ओव्या खोट्याही ठरवायच्या नाहीत. आजही भारतीय ख्रिस्ती ईश्वरविज्ञानावर, म्हणजे थिऑलॉजीवर, बोलायला उभी राहिले की मी तिथूनच सुरू करते.

मग पंडिता रमाबाई. इथे आपलं भांडण झालं. मला कवी नारायण वामन टिळक प्रिय. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो म्हणणारे, १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला गेलेले, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सगळ्या ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडू पाहणारे टिळक. त्यांच्यापुढे रमाबाईंचं बायबलचं भाषांतर मला कोरडं वाटायचं. हिंदू धर्माचा वास असलेला शब्द त्या शक्यतो टाळत, आणि माझ्या मते त्यामुळे त्यांनी मराठीची श्रीमंतीच टाळली. तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "ते शब्द तिला कुठे भेटले होते?" पुराणिकाची मुलगी. आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणं सांगत हिंडलेली, दुष्काळात आईवडील गमावलेली. मोक्षाच्या वाटेवर बाईचं काय, याचं शास्त्रातलं उत्तर तिने संस्कृतातून वाचलं होतं. ज्या शब्दाने आपल्याला दाराबाहेर उभं केलं, तो शब्द ती दुसऱ्या बाईच्या हातात का देईल? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिने हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, ते धुणी-दळणं करणाऱ्या बायांना वाचता यावं म्हणून. एप्रिल १९२२ मध्ये गेली तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं. आणि हीच बाई इंग्लंडमध्ये असताना क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, म्हणून भांडली होती. भाषांतर आवडत नाही हे माझं मत मी अजून बदललेलं नाही. पण रमाबाईंनी शब्द निवडले नाहीत, टाळले, असं आता मी म्हणणार नाही.

एकदा मी कार्ल बार्थचं जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि म्हटलं, खरं ईश्वरविज्ञान हे. तुम्ही विचारलंत, "याच्या गावात काय चाललं होतं?" मी शोधून आले: मे १९३४, हिटलरला शरण चाललेल्या जर्मन मंडळीविरुद्ध बार्मेनची घोषणा, पुढच्या वर्षी बॉनचं अध्यापकपद गेलेलं. त्या दिवसापासून बार्थ मला जगाचा न वाटता एका जागेचा, एका वेळेचा माणूस वाटू लागला, आणि म्हणूनच जास्त कळू लागला. पेरू देशातल्या लिमाच्या वस्त्यांतून लिहिणारे पाद्री गुतिएरेझही त्याच प्रश्नाने वाचता आले. मुक्तीच्या ईश्वरविज्ञानावरचं त्यांचं पुस्तक १९७१ चं. तोवर मला वाटायचं, सिद्धांत तिकडे होतात आणि आपण इकडे फक्त उदाहरणं पुरवतो.

सेमिनरीत एका निबंधात मी अभंग आणि ओव्या घेतल्या, तेव्हा 'हे काव्य आहे, ईश्वरविज्ञान नाही' असा शेरा आला. सोडून देणार होते. तुम्ही कागद हातात घेतलात आणि म्हणालात, "बायबलातली स्तोत्रसंहिता मग काय आहे?" तेवढ्या बळावर निबंध पुन्हा लिहिला.

एक गोष्ट मात्र मी तुमच्याकडे आणली, आणि तिचा मला अभिमान आहे. ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मल. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी केलेली मांडणी, जिच्यातून दलित ईश्वरविज्ञान उभं राहिलं. भारतीय ख्रिस्ती विचारवंत ब्रह्म, सच्चिदानंद, वेदान्त यांच्याशी संवाद करत राहिले आणि मंडळीतली बहुसंख्य माणसं कुठून आली हे विसरले, असं ते म्हणत. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात इस्राएली माणूस आपला पूर्वज भटका अरामी होता असं सांगतो. त्याच धर्तीवर निर्मल आपल्या दलित पूर्वजाची कहाणी सांगायला बसतात. मी एकेक वाक्य मराठी करून वाचत होते. तुम्ही उठून आतून वडिलांचा फोटो आणलात. मिशनच्या शाळेतले मास्तर, डोक्याला फेटा, पायात चपला. चपला दिसाव्यात म्हणून ते फोटोग्राफरला सांगून पूर्ण उंचीचा फोटो काढायला उभे राहिले होते, कारण त्यांच्या वडिलांना गावातून चपला हातात घेऊन जावं लागे. "हे पुस्तकात आलंय होय," एवढंच म्हणालात. त्या शनिवारी पुढे काही वाचलं नाही.

परवा पुन्हा नेवाशाकडच्या त्या मंडळीत गेले होते. आजी आता नाहीत. त्यांची सून भेटली, तिला मी सांगितलं की सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आले होते. ती म्हणाली, मग आमाला सांगा की. अंगणातच बसलो. योहान एक, चौदा वाचलं, धनगरांच्या बिऱ्हाडावरून सुरुवात केली, आणि दहा मिनिटांत बायाच बोलू लागल्या. एकीने विचारलं, राहुटी उचलून तो परत गेला का? मी तुमच्यासारखंच केलं. बायबल पुढे केलं आणि म्हटलं, वाच.

जूनमध्ये सुट्टी लागली की येते. टिळकांचं ख्रिस्तावरचं काव्य, ख्रिस्तायन, आपलं अर्धंच राहिलंय, टिळकांचा भाग संपून लक्ष्मीबाईंचा सुरू होतो तिथे खूण घातली आहे. चष्म्याचा नवा नंबर काढून ठेवा, यावेळी वाचायची पाळी तुमची.

तुमची,
आठवी 'ब' मधली विद्यार्थिनी