स्टॉकहोम पाहायला या, पण सावकाश

स्टॉकहोम,
१५ मार्च

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "तुम्ही दोघे कामावर गेलात की आम्ही त्या थंडीत खिडकीशी बसून काय बघायचे?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही, ते आता लिहून पाठवते आहे. सहा वर्षांत मी हे शहर बऱ्याच पाहुण्यांना दाखवले, पण या वेळी प्रत्येक जागेचा विचार आईचे गुडघे आणि बाबांची जिज्ञासा डोळ्यांपुढे ठेवून केला आहे. यात्रा कंपन्या हे शहर दीड दिवसात उरकतात. तुम्ही तीन आठवडे राहणार आहात, म्हणून दिवसाला एकच जागा पाहायची असे मी ठरवले आहे.

मेलारेन सरोवराचे गोडे पाणी जिथे बाल्टिक समुद्राला मिळते, तिथल्या चौदा बेटांवर हे शहर वसले आहे. खाडीच्या तोंडाशी आयुष्य काढलेल्या तुम्हाला ही रचना लगेच ओळखीची वाटेल. मात्र या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, त्यामुळे धक्क्यावरची पाण्याची रेघ सकाळ-संध्याकाळ तशीच दिसते. पहिल्या वर्षी मला त्याचे फार नवल वाटत असे.

पहिल्यांदा आपण संग्रहालयात ठेवलेले 'वासा' हे जहाज पाहायला जाऊ. स्लुसेनच्या धक्क्यावरून यूरगोर्डेन बेटाकडे छोटी फेरीबोट जाते, तिला शहराच्या बस-मेट्रोचेच तिकीट चालते आणि दहा-एक मिनिटांत आपण पोहोचतो. राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याने बांधवून घेतलेले, चौसष्ट तोफांचे हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्या सफरीला निघाले आणि जेमतेम तेराशे मीटर गेल्यावर, किनाऱ्यावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाले. बाबा, गुरुत्वमध्याचा धडा तुम्ही वर्गात तळाशी शिसे बसवलेली बाहुली आडवी करून शिकवत होता. हे जहाज त्या बाहुलीच्या अगदी उलट होते. पाण्याखालचा भाग अरुंद, वर तोफांचे दोन मजले, आणि तळात दगडांचे वजन भरूनही तोल सावरण्याइतके जड झालेले नाही. त्यामुळे वाऱ्याच्या एका झोताने ते कलंडले आणि खालच्या मजल्यावरच्या उघड्या तोफखिडक्यांतून पाणी आत शिरले. त्याआधी धक्क्यावर तीस खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून तोल तपासला होता. जहाज इतके हेलकावू लागले की ती चाचणीच थांबवावी लागली. तरीही, राजाला घाई होती म्हणून, ते निघाले. पुढे चौकशी झाली, पण शिक्षा कोणालाच झाली नाही.

जहाजाचे लाकूड टिकले कसे, हा भाग तुम्हाला अधिक आवडेल. होडी वाळूवर ओढून घेतली की तळाच्या पोखरलेल्या फळ्या आपण किती वेळा पाहिल्या आहेत. लाकूड पोखरणारा तो समुद्री किडा बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात जगत नाही. आंदेर्स फ्रान्सेन या संशोधकाने नेमका हाच धागा धरला, इथली जुनी जहाजे शाबूत असली पाहिजेत असे ताडले, आणि नमुना कापून आणणारे एक यंत्र तळाशी सोडून १९५६ मध्ये काळ्या पडलेल्या ओकच्या लाकडाचा तुकडा वर आणला. २४ एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे तीनशे तेहतीस वर्षांनी, वासा पाण्याबाहेर आले. वाळताना लाकूड आकसून तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाचा फवारा मारत होते. आज दिसणाऱ्या जहाजाचा अठ्ठ्याण्णव टक्के भाग मूळचा आहे. ते बुडाले तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला दीड वर्ष होते, आणि पाणबुड्यांनी घंटेच्या आकाराच्या साधनात उभे राहून त्याच्या बहुतेक तोफा वर काढल्या त्या १६६० च्या दशकात. त्याच दशकात, १६६४ मध्ये, आपल्या सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. मी तिथे जेव्हा जेव्हा उभी राहते तेव्हा हा हिशेब मनात येतो, आणि तो तुमच्याशेजारी उभे राहून करावा अशी माझी फार इच्छा आहे. लाकडासाठी दालनात उजेड मंद आणि हवा गार ठेवतात, म्हणून आईने शाल घ्यावी. लिफ्ट आहे, प्रत्येक मजल्यावर बसता येते.

दुसरा दिवस गाम्ला स्तानचा, म्हणजे जुन्या शहराचा. तिथे दगडी फरशी उंचसखल आहे, म्हणून सकाळी गर्दीआधी जाऊ आणि मोजकेच चालू. स्तूरतोर्येत नावाच्या चौकात उंच, रंगीत घरांसमोर बाकावर बसले की सुंदर वाटते, पण १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याने याच चौकात स्वीडिश सरदारांची कत्तल केली. मारल्या गेलेल्यांत गुस्ताव वासाचे वडील होते. त्या गुस्तावने बंड उभारले, १५२३ मध्ये तो स्वीडनचा राजा झाला आणि त्याच्याच घराण्याचे नाव पुढे त्या जहाजाला मिळाले. चौकाला लागूनच असलेल्या मोठ्या चर्चमध्ये १४८९ सालचे एक भव्य लाकडी शिल्प आहे. त्यात घोड्यावर बसलेला संत जॉर्ज राक्षसी अजगराला मारतो आहे, आणि अजगराच्या अंगावर एल्क हरणाची खरी शिंगे बसवली आहेत. आई, तुला ते पाहून महिषासुरमर्दिनी आठवेल. मला तर पहिल्याच दिवशी आठवली होती. नव्वद सेंटिमीटर रुंदीचा तो प्रसिद्ध बोळ मात्र आपण वरूनच पाहू, कारण त्याला पायऱ्या आहेत.

त्याच चौकात नोबेल पारितोषिकाचे संग्रहालय आहे. तिथल्या उपाहारगृहातील खुर्च्या उलट्या करून त्यांच्या तळावर पारितोषिकविजेते सही करतात, आणि अमर्त्य सेन यांनी आपली जुनी सायकल या संग्रहालयाला दिली आहे. बाबा, शाळेत दर २८ फेब्रुवारीला तुम्ही विज्ञान प्रदर्शन भरवत होता. ज्यांच्या शोधाचा तो दिवस, त्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३० मध्ये या शहरातल्या निळ्या कॉन्सर्ट हॉलमध्ये पारितोषिक स्वीकारले. त्या इमारतीसमोर रविवार सोडून रोज भाजीपाल्याचा आणि फुलांचा बाजार भरतो, तेव्हा आईलाही तिथे जायला कारण आहे. नोबेलची मेजवानी होते ते नगरभवन १९२३ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या मुख्य सभागृहाला निळे दालन म्हणतात, प्रत्यक्षात ते विटांच्या रंगाचे आहे, कारण विटा इतक्या देखण्या दिसल्या की वास्तुकार राग्नार ओस्टबेरी यांनी निळा गिलावा देण्याचा बेत सोडून दिला. वरच्या सुवर्ण दालनाच्या भिंतींवर सुमारे एक कोटी ऐंशी लाख काचतुकड्यांचे नक्षीकाम आहे. मनोऱ्यावर चढण्याचा आग्रह मी धरणार नाही.

आईसाठी एक पूर्ण दिवस स्कान्सेनला राखून ठेवला आहे. कारखानदारीच्या रेट्यात खेड्यांतले जुने जगणे नाहीसे होईल या काळजीने आर्तूर हासेलियस यांनी १८९१ मध्ये हे खुले संग्रहालय सुरू केले आणि स्वीडनभरातून जुनी घरे, गोठे, शेतघरे उतरवून इथे पुन्हा उभी केली. आत जुन्या वेशातल्या बायका सूत काततात, चुलीशी बसून बोलतात, आणि काहीही विचारले तरी मनापासून सांगतात. भाषेची चिंता करू नकोस, दुभाषी मी होईन.

ड्रोत्निंगहोल्मचा राजवाडा शेवटच्या आठवड्यात पाहू, नगरभवनाजवळून बोटीने तासाभरात पोहोचता येते. राजवाड्यापेक्षा तिथले १७६६ चे नाट्यगृह मला प्रिय आहे. राजा तिसऱ्या गुस्तावच्या मृत्यूनंतर ते विस्मरणात गेले आणि १९२१ मध्ये पुन्हा सापडले, तेव्हा लाटा हलवणारी आणि गडगडाट करणारी लाकडी यंत्रे जागच्या जागी होती. एका बाकड्यावर राजसभा, रणांगण आणि स्वर्ग उभे करणारा दशावतार रात्र रात्र जागून पाहणाऱ्या बाबांना ही यंत्रे कशी वाटतील, हे ऐकण्याची मला उत्सुकता आहे.

बर्फाचे उपाहारगृह आणि उंच जाणारा काचेचा पाळणा मी गाळले आहेत. त्यांत पैसे जातात आणि हाती काही लागत नाही. उलट मेट्रोचे मध्यवर्ती स्थानक तिकिटाच्या पैशातच पाहून होते. तिथे खडकाच्या छतावर निळ्या वेली रंगवल्या आहेत.

तुम्ही मेच्या अखेरीस निघावे असे मला वाटते. तेव्हा रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, आणि जूनच्या उत्तरार्धातल्या मिडसमर या सणाला सगळे बंद होण्याआधी आपले पाहून होते. व्हिसासाठी लागणारा प्रवासविमा मी इथून काढून पाठवते. बाबांनी दोघांच्या पासपोर्टच्या प्रती या आठवड्यात पाठवाव्यात, आणि आईने डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे की सलग किती वेळ चालले तर चालेल, म्हणजे कोणत्या दिवशी किती ठेवायचे ते मला ठरवता येईल.

तुमची,
मनू