नांदूरमध्यमेश्वरला पक्षी उडवून फोटो काढणं थांबवा

प्रति, संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की नाशिकहून नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात रविवारी गाड्यांची रांग लागते, चांगलंच आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं ते आपल्या निफाड तालुक्यातलं, लोकांनी बघायलाच हवं. पण तिथल्या निरीक्षण मनोऱ्याच्या आसपास हल्ली जे चालतं त्याबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितोय. टाळ्या काय, शिट्ट्या काय, काही महाभाग तर दगड मारतात. का, तर थवा उडाला पाहिजे, फ्लाइट शॉट, म्हणजे उडत्या पक्ष्यांचा फोटो पाहिजे. एकजण भली मोठी लेन्स लावून तयार, त्याचा मित्र काठाने पळत सुटतो, बदकं उठतात आणि यांचा बर्स्ट मोड सुरू, धडाधड फोटोंवर फोटो. द्राक्षबागेत शेतकरी पाखरं हाकलतो ते समजू शकतं, त्याचं पीक जातं. यांचं काय जातंय?

बरं एवढं करून फोटो तरी धड येतो का? घाबरलेला पक्षी तुमच्यापासून लांब पळणार ना, मग मिळतात नुसत्या पाठी आणि शेपट्या. पक्षी साधारण वारा येतो त्या दिशेला तोंड करून उडतो, त्यामुळे वारा आपल्या पाठीवर घेऊन बसलं की तो उडताना आपल्याकडे तोंड करून येतो, त्यात सकाळचं ऊनही पाठीमागे असेल तर सोन्याहून पिवळं. वारकरी पक्षी (कूट) बघा, अंग जड, पाण्यावर पाय आपटत लांबवर धावतात तेव्हा कुठे हवेत जातात, म्हणजे कॅमेरा उचलायला भरपूर वेळ मिळतो. आणि नवीन माणसासाठी कवड्या खंड्यासारखा मास्तर नाही, काळापांढरा, पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, मान खाली, चोच खाली, आणि मग एकदम सूर. तो थांबलेला असताना फोकस धरून ठेवायचा, शटर १/२००० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर, फोकस कंटिन्युअस मोडला, म्हणजे तो हलत्या पक्ष्यावर टिकतो. फोटोत थोडा नॉईज, म्हणजे दाणे आले तर येऊ द्या, हललेल्या फोटोपेक्षा बरा. उलट मागचं सगळं पुसट करून पॅनिंग, म्हणजे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो, करायचं असेल तर शटर १/६० ला आणा आणि कमरेतून वळा, नुसते हात फिरवून काही होत नाही. प्रॅक्टिस करायला अभयारण्य कशाला लागतं, रामकुंडावर कबुतरं आहेत, गंगापूर रोडला सकाळी सायकलवाले आहेत, ते कोणी रागावणार नाहीत.

मुद्दा असा की हे पाहुणे काही हौस म्हणून येत नाहीत. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतो, इथे खाऊन अंगावर चरबी चढवतो आणि त्याच्या जोरावर परत जातो. दर वेळी उठवला की खाण्याचा वेळ गेला आणि ताकदही गेली. अभयारण्यात वन्य प्राण्याला छेडायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच मनाई आहे, पण मनोऱ्यावर हे कोण कोणाला सांगणार? स्थानिक गाईड पोरं बिचारी काय करतील, गिऱ्हाईकच म्हणतं "दादा, जरा उडवा ना". तिथे मराठीत मोठा फलक लावावा आणि एकदोघांकडून दंड घ्यावा, बाकीचे आपोआप गप्प बसतील.

तुम्हालाही एक विनंती आहे. तुम्ही हिवाळ्यात वाचकांचे पक्ष्यांचे फोटो छापता, आम्ही आवडीने बघतो. पण आकाशभर उठलेल्या थव्याचा फोटो आला की छापायच्या आधी पाठवणाऱ्याला फोन करून एवढं विचारा, की थवा आपणहून उडाला का उडवला. नीट उत्तर आलं नाही तर तो फोटो छापू नका.

आपला,
एक वाचक, नाशिक