मिहानच्या नावातच कार्गो आहे, त्याचंही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नागपूर विमानतळाची बातमी आली की फोटो ठरलेला असतो, काचेच्या नव्या टर्मिनलचं चित्र आणि बाजूला सात हजार कोटींचा आकडा. ९ ऑक्टोबर २०२४ ला भूमिपूजन झालं तेव्हापासून हेच पाहतोय. होऊ द्या, आमचं काही म्हणणं नाही, दिवाळीत तिथे उभं राहायला जागा नसते हे खरंच आहे. पण तिथून काय जातं, कोण जातं, आणि त्यातून विदर्भात कोणाची चूल पेटते, हे कोणी छापत नाही ना.

माझे आजोबा पोस्टात होते. ते सांगायचे, १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानं सुरू झाली, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारी बाजूंनी निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे आपल्या याच विमानतळावर, उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. प्रवासीपण इथेच विमान बदलायचे, चहा घ्यायचे. म्हणजे देशाच्या मधोमध असण्याचा फायदा तेव्हाच्या लोकांना कळला होता, तोही जुन्या डाकोटा विमानांच्या जमान्यात.

मग विमानतळालगतचा मिहान प्रकल्प आला. त्याचं पूर्ण नाव कितीजणांना माहीत आहे देव जाणे, मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर. कार्गो आधी आहे बघा, एअरपोर्ट नंतर! त्यासाठी २००२ मध्ये सरकारने वेगळी कंपनी काढली, शिवणगावच्या लोकांनी जमिनी दिल्या, आणि मोबदला, पुनर्वसन यासाठी वर्षानुवर्षं चकरा मारल्या. काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. आयटी कंपन्या आल्या, एम्स आलं, बोइंगने बांधून दिलेलं एअर इंडियाचं विमान दुरुस्तीचं केंद्र आलं. माझा पुतण्या आयटीआय करून तिकडेच एका हँगरमध्ये लागला, घरून डबा घेऊन जातो, आईला बरं वाटतं. पण त्याच्या बॅचची बाकी पोरं चाकणला खोली घेऊन राहतात.

आणि कार्गो म्हटलं की प्रत्येक नेता संत्र्यावर येतो. विमानाने संत्रा दुबईला जाणार म्हणे. अहो, किलोमागे विमानाचं भाडं किती, संत्र्याला भाव किती, काटोलच्या कोणत्याही बागाईतदाराला विचारा, तो हसेल. आपला संत्रा ट्रकने बांगलादेशात जायचा, तिथे आयातशुल्क वाढलं तेव्हा बागा मातीमोल झाल्या, विमानाने त्याला काय होणार. विमानाने जातो तो हलका आणि महाग माल, औषधं, मशीनचे पार्ट, असलं. त्याचे कारखाने आधी इथे पाहिजेत.

माणसांचंही तसंच. आजवर नागपूरच्या परदेशी बोर्डावर बहुतेक वेळ दोनच नावं, दोहा आणि शारजा, आणि तीही अपरात्री. दीक्षाभूमीला, कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला थायलंड, जपानमधून लोक येतात, ते फिरून फिरून. मागे बहिणीला सोडायला गेलो तर पुसदचं एक कुटुंब रात्री नऊपासून बसलेलं, फ्लाइट पहाटेची, कारण गाडी भाड्याची आणि ड्रायव्हरला परत जायचं होतं. काउंटरवर बॅग दोन किलो जास्त भरली. त्या माउलीने तिथेच फरशीवर बॅग उघडली, लोणच्याची बरणी काढली, सांडगे काढले, मुलीचा स्वेटर मात्र काढला नाही. बरणी शेवटी माझ्याच हातात दिली, घेऊन जा म्हणाल्या दादा, फेकवत नाही. अजून घरी आहे.

एवढ्या रात्री मेट्रो बंद असते. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियासाठी फ्लाइटच्या वेळा धरून एसटी सोडली तर कोणाचं काय बिघडेल? तेवढ्यासाठी सात हजार कोटी लागत नाहीत.

या विमानतळाची खरी किंमत कधीकधी वरून जाणाऱ्यांनाच कळते. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला चाललेल्या विमानाच्या पायलटला हवेतच हार्टअटॅक आला, विमान नागपूरला उतरवलं, शंभरावर प्रवासी सुखरूप राहिले, पायलट मात्र इथल्या दवाखान्यात वारला बिचारा. आपल्याकडून अवयवही विमानाने दुसऱ्या शहरात जातात, तेव्हा वर्धा रोड मोकळा करून देतात.

म्हणून एकच विनंती. दर महिन्याला किती प्रवासी वाढले ते तुम्ही छापता, त्याच चौकटीत किती टन माल गेला आणि मिहानमध्ये विदर्भातली किती पोरं कामाला लागली हेही छापत चला. आकडा शून्य असला तरी चालेल.

आपला एक वाचक,
वर्धा रोड, नागपूर